शिष्यवृत्ती संपली, शिक्षण नाही

थर्ड इयरचं दुसरं सेमिस्टर सुरू झालं की आपल्या हॉस्टेलमध्ये एक साथ पसरते. तिचं नाव ‘एमएस’. ज्याला त्याला अमेरिका, जर्मनी नाहीतर इंग्लंड दिसायला लागतं. कॉम्प्युटरवर एक्सेल शीट उघडली जाते. पहिल्या कॉलममध्ये युनिव्हर्सिटीचं नाव, दुसऱ्यात फी, तिसऱ्यात राहण्या-खाण्याचा खर्च आणि शेवटी बेरीज. ती बेरीज बघितली की अर्ध्या लोकांचा ताप तिथल्या तिथे उतरतो. उरलेले मग लोन, तारण, जामीनदार, डॉलरचा भाव अशा शब्दांत रात्र रात्र काढतात. माझीही एक शीट आहे. सध्या तिच्यातली बेरीज बघायची नाही, असं मी ठरवलंय.

मित्रांनो, या लेखात मला अशा एका माणसाबद्दल लिहायचंय, ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी हीच बेरीज मांडली, ती अनेकदा चुकवणाऱ्या परिस्थितीला तोंड दिलं, आणि तरी ती पूर्ण केली. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या सिव्हिक्सच्या पुस्तकात बाबासाहेब म्हणजे राज्यघटना, एवढंच होतं. कोट घातलेला फोटो आणि खाली डिग्र्यांची लांबलचक रांग. पण त्या डिग्र्यांचे पैसे कुठून आले, हे पुस्तकात कुठेच नव्हतं. कॉलेजच्या लायब्ररीत त्यांची चरित्रं वाचायला घेतली तेव्हा कळलं की त्या रांगेतल्या प्रत्येक अक्षरामागे एक हिशेब आहे, आणि तो हिशेब आपल्या कोणाहीपेक्षा अवघड होता.

पंचवीस रुपये आणि एक करार

भीमरावांचे वडील रामजी सुभेदार सैन्यातून निवृत्त झालेले. पेन्शन थोडं, घर मोठं. मुलाला पुस्तकं हवी असली की ते लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन दागिना मागायचे, तो गहाण ठेवायचे आणि पुस्तक आणायचे. पेन्शन आलं की दागिना सोडवून परत. भीमराव परळच्या चाळीत एका खोलीत अभ्यास करत होते आणि त्याच खोलीत सगळं घर नांदत होतं. आपण हॉस्टेलच्या रूममध्ये तिसरा पार्टनर आला तरी रेक्टरकडे तक्रार घेऊन जातो!

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही तेव्हा इतकी मोठी गोष्ट होती की त्यांचा जाहीर सत्कार झाला. त्या सत्काराला कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि लेखक हजर होते. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात पैसे कमी पडायला लागले तेव्हा याच केळुसकर गुरुजींनी भीमरावांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत नेलं. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. यातूनच भीमराव बी.ए. झाले.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली, आणि २ फेब्रुवारीला रामजी गेले. भीमराव तेव्हा २१ वर्षांचे होते, म्हणजे आपल्यातल्या फायनल इयरवाल्यांच्या वयाचे. घरी पत्नी रमाबाई आणि दोन महिन्यांचा मुलगा यशवंत. कमावता बाप गेलेला. अशा वेळी कोणीही नोकरी धरून बसला असता आणि त्याला कोणी नावं ठेवली नसती.

त्याच सुमारास सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवायचा विचार करत होते. भीमरावांनी अर्ज केला. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. अटी सरळ होत्या : तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मिळणार, नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. म्हणजे आजच्या भाषेत बाँड. तोही दहा वर्षांचा!

साडेअकरा पौंड म्हणजे किती? त्या काळी एक रुपया म्हणजे १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे एका पौंडाला १५ रुपये. त्या हिशेबाने महिन्याला साधारण १७२ रुपये. मुंबईच्या चाळीत हा आकडा डोळे दिपवणारा. पण न्यूयॉर्कमध्ये त्याचे झाले सुमारे ५६ डॉलर. त्यात राहायचं, खायचं, पुस्तकं घ्यायची, आणि घरीही पाठवायचे. शिष्यवृत्तीचा आकडा इथे मोठा दिसतो आणि तिथे पोचल्यावर आक्रसतो. तेव्हाही तसंच होतं.

न्यूयॉर्क : तीन वर्षांत काय काय

१९१३ च्या जुलैमध्ये भीमराव कोलंबिया युनिव्हर्सिटीत पोचले. पहिले काही दिवस हार्टली हॉल या हॉस्टेलमध्ये राहिले. तिथलं जेवण मानवेना. मग कॉस्मॉपॉलिटन क्लब, आणि त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉल. इथे त्यांना एक पारशी मित्र भेटला, नवल भथेना. हे नाव लक्षात ठेवा. या गोष्टीत ते परत परत येणार आहे.

सुरुवातीचे काही महिने नव्या शहरात, नव्या मित्रांत गेले असं चरित्रकार लिहितात. ज्या माणसाला शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसवलं होतं आणि नळाला हात लावायची परवानगी नव्हती, त्याला इथे सगळ्यांबरोबर एका टेबलावर जेवता येत होतं. ते आधी मनसोक्त अनुभवावंसं वाटलं तर त्यात नवल काय? पण लवकरच त्यांच्या लक्षात आलं की तीन वर्षं म्हणजे तीनच वर्षं. त्यानंतर ते अभ्यासाला जे लागले ते लागलेच.

त्यांनी कोलंबियात घेतलेल्या कोर्सेसची मोजदाद अभ्यासकांनी केली आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषेची तोंडओळख. आपण एक इलेक्टिव्ह निवडताना सिनियर्सना कुठला सोपा आहे ते विचारत फिरतो! शिकवायला होते जॉन ड्यूई आणि एडविन सेलिग्मन यांच्यासारखे लोक. १९१५ मध्ये एम.ए. झालं. १९१६ च्या मे महिन्यात डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, जो आजही जगभर अभ्यासला जातो. जूनमध्ये पीएच.डी.चा प्रबंधही सादर झाला. तीन वर्षांची शिष्यवृत्ती, आणि तिच्यात एवढं सगळं.

पण कोलंबियात एक नियम होता. प्रबंध मंजूर झाला तरी तो छापून त्याच्या प्रती युनिव्हर्सिटीला दिल्याशिवाय पदवी हातात पडत नव्हती. छापायला पैसे लागतात. ते पुस्तक छापून यायला १९२५ साल उजाडलं आणि पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७ मध्ये. काम १९१६ चं, पदवी अकरा वर्षांनंतरची. आपल्याला रिझल्ट दोन आठवडे उशिरा लागला तर आपण उपोषणाची भाषा करतो.

चैनीच्या नावाने त्यांनी एकच गोष्ट केली : जुनी पुस्तकं. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. जेवणातून वाचवलेला पैसा तिथे गेला.

लंडन, आणि अर्ध्यावर तुटलेली दोरी

१९१६ मध्ये ते न्यूयॉर्कहून थेट लंडनला गेले. शिष्यवृत्तीला मुदतवाढ मागितली होती आणि थोडी मिळालीही. ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला नाव घातलं. फी होती १० गिनी, म्हणजे साडेदहा पौंड. त्याचबरोबर बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांच्या नावाने त्यांची शिफारस केली होती. रेकमेंडेशन लेटरचं महत्त्व तेव्हाही होतंच.

अभ्यास जेमतेम लयीत आला होता आणि १९१७ च्या उन्हाळ्यात बडोद्याहून कळवण्यात आलं की मुदत संपली, परत या.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे. दोन पदव्या अर्ध्यावर, महायुद्ध चालू, हातात पैसा नाही. निराश होऊन परत येणं सोपं होतं. त्यांनी परत यायच्या आधी एक काम केलं. लंडन युनिव्हर्सिटीकडून लेखी परवानगी काढली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन राहिलेला अभ्यास पुढे चालू करता येईल. खिशात परतीच्या प्रवासापुरते पैसे असताना, परत येण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला. पैसे नसले तरी हा कागद होता. आपण सगळे फंडिंगचं प्लॅनिंग करतो, पण फंडिंग मध्येच थांबलं तर काय, याचं प्लॅनिंग किती जण करतात?

परतीच्या प्रवासात नशिबाने आणखी एक तडाखा दिला. सामान दुसऱ्या बोटीने येत होतं. ती बोट युद्धात बुडाली आणि सामानाबरोबर पुस्तकंही गेली. थॉमस कुक कंपनीकडून भरपाई मिळाली ६०० रुपये. करार पाळायचा तर बडोद्याला जायला हवं होतं आणि जायला पैसे नव्हते. ते याच भरपाईतून निघाले. पुस्तकं बुडाली म्हणून बडोद्याचं तिकीट निघालं, असा हा हिशेब!

बडोद्यातले अकरा दिवस

सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. कोलंबियाचे एम.ए., लंडनमध्ये शिकून आलेले, महाराजांनी ज्यांना मोठ्या पदासाठी तयार करायचं ठरवलं होतं ते. पण त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. हिंदू हॉटेलात जात सांगितल्याशिवाय प्रवेश नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव लावून ते राहिले. वरच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या, अडगळीच्या हॉलमध्ये एकटेच. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेला पारशी लोकांचा जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगून गेला. शहरात एक हिंदू आणि एक ख्रिश्चन मित्र होता, दोघांकडेही सोय होऊ शकली नाही. ऑफिसात शिपाई फायली लांबून टाकत, तो अनुभव वेगळाच. त्या रात्रीची मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी एका सार्वजनिक बागेत बसून काढला.

हा प्रसंग त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवला. त्या छोट्या आत्मकथनाचं नाव आहे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. मला आधी वाटलं, हे परदेशी जाण्याबद्दल असणार. व्हिसा म्हटल्यावर आपल्याला दुसरं काय सुचणार? वाचल्यावर कळलं की अमेरिकेत जाताना त्यांना जी दारं उघडी मिळाली, ती स्वतःच्या देशात बंद होती. परवानगीची वाट त्यांना इथे पाहावी लागत होती. आज हे लिखाण कोलंबिया युनिव्हर्सिटीत अभ्यासाला आहे.

म्हणजे दहा वर्षांचा करार मोडला तो विद्यार्थ्याच्या बेइमानीमुळे नाही. महाराजांनी शिक्षणाचा खर्च केला, पण त्यांच्याच राजधानीत त्या विद्यार्थ्याला राहायला एक खोली मिळू शकली नाही. फंडिंग देणारा चांगला असून भागत नाही, समाजही तेवढा मोठा असावा लागतो.

बचत, कर्ज आणि मित्र

मुंबईत परत आल्यावर शिकवण्या झाल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसायही करून पाहिला. सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाईक येईना. शेवटी नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पगार ४५० रुपये. आता तरी सुखाने राहायला हरकत नव्हती. पण लंडनचा तो चार वर्षांचा कागद डोक्यात होता. घरखर्चासाठी रमाबाईंच्या हातात ठरावीक रक्कम द्यायची आणि बाकीचे बाजूला टाकायचे, असा त्यांनी नियमच केला. प्राध्यापकाची बायको असूनही रमाबाईंचं चाळीतलं जगणं फारसं बदललं नाही.

त्याच काळात कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांच्या संपर्कात आले. जानेवारी १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘मूकनायक’ पाक्षिकाला महाराजांनी मदत केली. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत दोघे एकाच मंचावर होते. त्याच मार्चमध्ये भीमरावांनी कॉलेजचा राजीनामा दिला. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून पाच हजार रुपयांचं कर्ज, अशी मोट बांधून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांच्या मुदतीतलं एक वर्ष अजून शिल्लक होतं.

लक्षात घ्या, आता कोणाची शिष्यवृत्ती नव्हती. पहिल्या खेपेला एका राजाने पूर्ण जबाबदारी घेतली होती. दुसऱ्या खेपेला तीन ठिकाणचे तुकडे जोडले होते, आणि त्यातला मोठा तुकडा रमाबाईंच्या काटकसरीतून आला होता.

आणि नेमका तेव्हाच रुपया घसरला! १९२० च्या सुरुवातीला रुपयाचा भाव २ शिलिंग ८ पेन्सच्याही वर चढला होता. सरकारने तो २ शिलिंगांवर धरून ठेवायचा प्रयत्न केला. पण १९२१ उजाडेपर्यंत तो १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली कोसळला. साधं गणित करा. पाच हजार रुपयांचे २ शिलिंगांच्या भावाने ५०० पौंड होतात. १ शिलिंग ४ पेन्सच्या भावाने होतात ३३३. कर्ज तेवढंच, पण लंडनमध्ये हातात येणारा पैसा एक तृतीयांशाने कमी. एलएसईची फी मात्र १० गिनींवरून ११ गिनी झाली होती. १९२१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले, ते याच ओढाताणीत.

आणि हा विद्यार्थी डॉक्टरेटसाठी कोणता विषय करत होता? ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, म्हणजे रुपयाचा प्रश्न! भारताचं चलन, त्याचा पौंडाशी जोडलेला भाव, आणि तो सरकारने कसा सांभाळला किंवा सांभाळला नाही, हाच त्या प्रबंधाचा विषय. एक्सचेंज रेट बघून आपण डोक्याला हात लावतो. त्यांनी त्याच एक्सचेंज रेटवर पुस्तक लिहिलं. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर जी मशीन आपल्याला त्रास देतेय, तिचंच ड्रॉइंग काढायला बसले.

लंडनमधली त्यांची दिनचर्या वाचली की मेसबद्दल तक्रार करायची लाज वाटते. सकाळी थोडा नाश्ता करून बाहेर पडायचं आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडताच शिरायचं. दुपारचं जेवण बहुतेकदा नाही. बसचं भाडं वाचवायला चालत जायचं. वाचनालय बंद व्हायच्या वेळीच उठायचं. रात्री खोलीवर बोव्हरिलचा एक कप आणि एक-दोन बिस्किटं. मग परत अभ्यास. रात्री भूक फारच लागली तर ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. १९२१-२२ मध्ये ते ज्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले, ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं आणि तिथे आता स्मारक आहे.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झालं. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला. बॅरिस्टरीही याच मुक्कामात पूर्ण केली. प्रबंधाचा निकाल यायचा होता तेव्हा ते जर्मनीत बॉनला गेले आणि तिथल्या युनिव्हर्सिटीतही पुढचा अभ्यास करायची तयारी सुरू केली. पण मार्च १९२३ मध्ये लंडनहून त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांचं बोलावणं आलं. प्रबंधातली ब्रिटिश धोरणावरची टीका परीक्षकांना मानवली नव्हती. फेरफार करून परत द्या, असं ठरलं.

त्यासाठी लंडनमध्ये थांबायला पैसे कुठे होते? १४ एप्रिल १९२३ ला ते मुंबईत उतरले. प्रबंध मुंबईत बसून पुन्हा लिहिला आणि तिथून पाठवला. निष्कर्ष तेच ठेवले, मांडणी बदलली. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं आणि कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. त्यात लेखकाची बरीच मतं पटत नसल्याचं त्यांनी मोकळेपणाने नोंदवलं. गाइड आणि विद्यार्थी यांचं असंही नातं असू शकतं, हे आपल्या प्रोजेक्टच्या दिवसांत आठवायला हरकत नाही.

आणि मुंबई हायकोर्टात वकिली सुरू करायला सनद घ्यायची तर तिची फी भरायलाही पैसे नव्हते. तेव्हा कोण धावून आलं? पुन्हा नवल भथेनाच.

फेड

१९१३ ते १९२३. दहा वर्षं, तीन देश, एक तुटलेली शिष्यवृत्ती, एक न टिकलेली नोकरी, एक कर्ज. आता प्रश्न असा की या सगळ्याची फेड कशी करायची? ज्याला आपण एज्युकेशन लोनचं रिपेमेंट म्हणतो, ते बँकेत हप्ते भरून संपतं. बाबासाहेबांनी फेड वेगळ्या पद्धतीने केली.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी सरकारला एक सविस्तर निवेदन दिलं. त्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी दोन मागण्या होत्या : देशात विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्यांना शिष्यवृत्त्यांसाठी दरवर्षी दोन लाख रुपये, आणि परदेशात जाऊन तेच शिकणाऱ्यांसाठी एक लाख. विज्ञान आणि तंत्रज्ञान! अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेल्या माणसाने पुढच्या पिढीसाठी मागितलं ते इंजिनिअरिंग. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला कॉलेज. आज केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्र सरकारचीही परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे आणि तिला नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचं. ज्यांना हा रस्ता लागू आहे त्यांनी त्याचे अर्ज जरूर मागवावेत. तो काही उपकार नाही, फार जुन्या हिशेबातली ती जमा बाजू आहे.

कोलंबियाने ५ जून १९५२ ला त्यांना मानद एलएल.डी. दिली. या खेपेला ते स्वतः न्यूयॉर्कला जाऊन ती घेऊन आले.

मला मात्र त्या डिग्रीपेक्षा त्यांच्या पुस्तकांची अर्पणपत्रिकेची पानं जास्त आवडली. आपण ही पानं नेहमी उलटून पुढे जातो. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे, म्हणजे दागिना गहाण ठेवणाऱ्या रामजींना आणि भीमराव लहान असतानाच गेलेल्या भीमाबाईंना. १९२५ मध्ये छापलेला कोलंबियाचा प्रबंध अर्पण केला आहे सयाजीराव महाराजांना, शिक्षणासाठी केलेल्या मदतीची कृतज्ञता म्हणून. बडोद्यात खोली मिळाली नव्हती, नोकरी टिकली नव्हती, तरीही. आणि रमाबाई? त्या १९३५ मध्ये गेल्या. नवऱ्याच्या लंडनच्या खर्चातला मोठा वाटा त्यांनी परळच्या चाळीत काटकसरीने भरला होता, पण कुठल्याही युनिव्हर्सिटीच्या रेकॉर्डमध्ये त्यांचं नाव नाही. त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हे पुस्तक निघालं. ते रामूच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. मित्र नसलेल्या, टंचाईच्या दिवसांत तिने शांतपणे सोसलं, याची तिथे नोंद आहे.

मित्रांनो, आपल्यातले काही जण या वर्षी जातील, काही जण दोन-तीन वर्षं नोकरी करून मग जातील, काही जण इथेच शिकतील. कोणाला पूर्ण फंडिंग मिळेल, कोणाचं मध्येच थांबेल. थांबलं तर घाबरू नका. परत जायची वाट मोकळी ठेवणारा कागद आधी हातात घ्या, मग विमानात बसा. एखादा नवल भथेना जोडून ठेवा, आणि जमलं तर कोणाचे तरी नवल भथेना व्हा. आणि घरी जो कोणी आपला खर्च कमी करून आपली बेरीज पूर्ण करतोय, त्याचं नाव आपल्या थिसिसच्या पहिल्या पानावर आपल्या हाताने लिहा.